अठ्ठेचाळीस पानांचा रविवार

सकाळी ६.१०

सुरतच्या डिंडोलीतल्या एका गल्लीत शटर वर जातं. गाळा दहा बाय बारा. आत दोन कॉम्प्युटर, एक जुनं मोठं झेरॉक्स मशीन, भिंतभर लग्नपत्रिकांचे नमुने. पाटीवर तीन भाषांत एकच मजकूर: कंपोझिंग, छपाई, पत्रिका, स्टँप पॅड.

मालकांना सगळे आप्पा म्हणतात. वय साठीला टेकलेलं. अमळनेर तालुक्यातून दहावीनंतर सुरतेला आले. तेव्हा छापखान्यात अक्षरांच्या उभ्या केससमोर खिळे जुळवायचं काम होतं. मराठी घरून आलेली, गुजराती खिळ्यांवरून शिकले. एका मोठ्या प्रेसमध्ये वीसेक वर्षं काढली. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापी शहरात शिरली, तेव्हा त्या प्रेसचा कागद आठवडाभर पाण्यात होता. त्यानंतर आप्पांनी स्वतःचं छोटंसं सुरू केलं.

रविवार असल्यामुळे रिंग रोडवरची कापड मार्केटं बंद आहेत. यंत्रमागांची खाती मात्र सगळी बंद नाहीत. लांबून खडखड येते आहे. इथल्या लोकांना ती ऐकूच येत नाही, इतकी सवय झाली आहे.

आप्पा आधी झाडू मारतात. मग मशीन सुरू करतात. ते तापायला सात-आठ मिनिटं घेतं. तेवढ्यात कागदाचं एक रीम फोडून हातात धरतात, दोन्ही बाजूंनी वाकवतात, अंगठ्याने फडफडवतात. कागदात हवा गेली पाहिजे, नाहीतर दोन-दोन पानं एकदम आत जातात. चार रीम लागणार आहेत. एकाचे दोनशे साठ रुपये.

संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस पानांची एक पुस्तिका तयार व्हायची आहे. दीडशे प्रती. २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, या आठवड्यात आहे. त्याच्या आधीच्या रविवारी इथल्या सोळा जणांचं लेखन छापायचं आणि त्याच संध्याकाळी वाचायचं, असं ठरलेलं. एकोणतीस कविता आणि तीन कथा. लिहिणाऱ्यांत मागावरचे कारागीर आहेत, मार्केटमध्ये साड्यांची घडी घालणारे आहेत, घरी जॉबवर्क करणाऱ्या बाया आहेत, एक रिक्षावाले आहेत, कॉलेजची तीन पोरं आहेत. प्रत्येकाने अडीचशे रुपये काढलेत. चार हजार जमलेत.

सकाळी ७.३५

रात्रपाळी सात वाजता सुटते. शिंदखेड्याचा एक कारागीर सरळ इकडेच आला आहे. वय पस्तिशीचं. केसांत कापसासारखं सुताचं कुसळ, शर्टाला तेलाचा वास. बोलतो मोठ्याने. बारा तास मागांच्या मधे उभं राहिलेला माणूस पहिली पंधरा मिनिटं मोठ्यानेच बोलतो.

“आप्पा, बसली का मन्ही कथा?”

“बस भाऊ. चहा घे आधी.”

कथा बसलेली नाही. एक पान जास्त होतं आहे. पुस्तिका मधे पिन मारून करायची, तर पानं चारच्या पटीत हवीत. अठ्ठेचाळीस चालतात, बावन्न चालतात. एकोणपन्नास चालत नाहीत. बावन्न केली तर दीडशे कागद वाढतात, तीनशे बाजूंची छपाई वाढते. साधारण दोनशे रुपये. ते कुणीही दिले असते. पण मग तीन पानं कोरी जातात, आणि आप्पांना कोरं पान छापायला आवडत नाही. शिवाय त्यांना दुसरंही एक म्हणायचं आहे, ते चहा संपेपर्यंत म्हणत नाहीत.

कथा अशी. रात्री दोन वाजता मागावरच्या माणसाच्या खिशात फोन थरथरतो. गावाहून आई आहे. खात्यात काही ऐकू येत नाही म्हणून तो बाहेरच्या वाड्यात जातो. आई सांगते, विहिरीवरची मोटार जळाली, वाइंडिंगला साडेतीन हजार सांगतात. तो परत आत येतो. दोन माग तार तुटून थांबलेले. तो तार जोडतो आणि हिशोब करत राहतो. मीटरला एक रुपया चाळीस पैसे. म्हणजे अडीच हजार मीटर.

हे सगळं दुसऱ्या पानापासून सुरू होतं. पहिलं पूर्ण पान रेल्वेचं आहे. नंदुरबारहून गाडीत बसणं, नवापूर स्टेशन, तिथला तो अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, मग व्यारा, बारडोली, उधना.

“गाडीचं पान काढ,” आप्पा म्हणतात.

कारागीर गप्प. मग म्हणतो, “तेच तर मी तीनदा लिहिलं आप्पा.”

“म्हणूनच म्हणतो. तीनदा लिहिलेलं दिसतं ते. फोन वाजतो ना, तिथनं तुझी गोष्ट सुरू होते.”

लाल पेन पुढे येतं. कारागीर ते घेतो, पण रेघ मारत नाही. डोळे झोपेने लाल. प्रिंट काढलेले कागद मांडीवर. रस्त्यावर खमणवाल्याची गाडी येते, आप्पा दोन प्लेट सांगतात. तीस-तीस रुपये. खाता खाता कारागीर पहिलं पान पुन्हा वाचतो, ओठ हलवत. मग आडवी रेघ मारतो. एकच वाक्य राखतो, तिकीट अजून पाकिटात आहे ते, आणि बाण काढून ते फोनच्या शेजारी नेतो.

मी ते वाक्य नव्या जागी वाचलं. फोन काढताना पाकिटातलं जुनं तिकीट हाताला लागतं. सगळा प्रवास त्यात आला. गाडीचं पान वाईट नव्हतं. पण ते गेल्यावर कथेला पाय फुटले.

“आता जा, झोप. साडेचारला ये.”

त्याची पुढची पाळी संध्याकाळी सातला आहे.

सकाळी ८.५०

खरं कटकटीचं काम आता. सगळ्यांचा मजकूर व्हॉट्सअॅपवर येतो, युनिकोडमध्ये. आप्पांचे चांगले फॉन्ट श्रीलिपीचे, जुन्या पेजमेकरमधले. मजकूर एकातून दुसऱ्यात बदलून घ्यावा लागतो. बदलताना अक्षरं मोडतात. सगळ्यांत जास्त मोडतो तो अर्धा र. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ असलेला प्रत्येक शब्द शोधून हाताने बसवायचा. खानदेशच्या अहिराणी बोलीतल्या लेखनात तर ‘ऱ्हायना’, ‘ऱ्हास’ पावलोपावली.

आप्पांनी एका वहीत मोडणाऱ्या जोडाक्षरांची यादी केली आहे. डाव्या बाजूला काय दिसतं, उजवीकडे काय हवं. वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर दोनदा बदललंय.

नऊ वाजता बाई येतात. महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्य काढलं. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतूनही चालतात. बाईंच्या हाताखालून गेलेले आता चाळिशीचे बाप्ये आहेत आणि अजून रस्त्यात त्यांना बघून सिगारेट लपवतात. प्रूफं बाई वाचतात. मानधन नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सलग वाचायला मना केलंय, म्हणून दर अर्ध्या तासाला उठून दारात उभ्या राहतात.

बाई प्रूफ मनात वाचत नाहीत. मोठ्याने वाचतात, उभ्याने. श्वास जिथे तुटतो तिथे पेन्सिलीने बारीक खूण करतात.

“ओळ कवीने तोडलीय एका जागी आणि जीभ थांबते दुसऱ्या जागी. मग त्याला विचारायचं, मुद्दाम केलंस का? मुद्दाम असेल तर राहू दे.”

अहिराणी मजकुराला त्या हात लावत नाहीत. फक्त एकाच कवितेत एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला असेल, तर कुठली एक तऱ्हा ठेवायची ते लिहिणाऱ्याला फोन करून विचारतात. आज असे पाच फोन झाले.

सकाळी १०.३०

गिऱ्हाईक. मुलाचं लग्न. मुलगा डिंडोलीचा, मुलगी साक्रीकडची. वडिलांनी नावांची यादी चार कागदांवर आणली आहे. आजोबा, पणजोबा, काका, मामा, आत्या, मावश्या, भाऊबंद. एकही नाव राहता कामा नये. एक राहिलं की लग्नात एक खुर्ची रिकामी.

शंभर पत्रिका. कंपोझिंगचे तीनशे. कार्डाचा दर नमुन्यावर.

वडिलांना शेवटी लहान मुलांच्या तोंडच्या चार ओळी हव्यात. गुजराती पत्रिकांत त्याला टहुको म्हणतात, आता सुरतेतल्या मराठी पत्रिकांतही तो लागतोच. बहुतेक छापखान्यांत ओळी तयार असतात. आप्पा तयार ओळी देत नाहीत. त्यांचा एक नेम आहे. एका पत्रिकेवरची ओळ दुसरीवर जायची नाही.

“घरात लहान कोण आहे?”

“नवरदेवाची भाची. पाच वर्षांची.”

“मामाजवळ काय हट्ट करते?”

वडील विचारात पडतात. मग हसतात. रोज सकाळी स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जाते. दुसऱ्या कुणाला पुढे येऊ देत नाही.

आप्पा तिथेच पाठकोऱ्या कागदावर लिहितात.

मामाच्या स्कूटरवर पुढे माझी जागा,
मामी, तुम्ही आता मागे बसायला लागा.

वडील दोनदा वाचतात आणि फोनवर फोटो काढून घरी पाठवतात. चार ओळी मागितल्या होत्या, दोन मिळाल्या. तक्रार नाही. ओळींचे पैसे आप्पा लावत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, याचा दर काय सांगणार? स्कूटर त्यांची, पोर त्यांची.

मला हा सगळा प्रकार लिहिण्याच्या कुठल्याही वर्गापेक्षा मोठा वाटतो. दोन प्रश्न विचारले, एक खरी गोष्ट हाती लागली, यमक नंतर आलं.

दुपारी १२.०५

लिंबायतहून एक ताई आल्या आहेत. हाताच्या बोटांवर गमचे पांढरे पापुद्रे. त्या घरी साड्यांवर स्टोन लावतात. मार्केटमधून माणूस गठ्ठा आणून टाकतो, दोन दिवसांनी नेतो. डिझाइन भरगच्च असेल तर साडीला बारा रुपये, साधं असेल तर सात. दिवसाला सहा-सात साड्या, तेही घरची कामं उरकून. गम त्यांचा, स्टोन मालकाचे. हरवलेला स्टोन हिशोबात धरला जातो.

ताई लिहीत नाहीत, म्हणतात. फोनवर आवाजात भरून पाठवतात. आप्पांची सून तो ऐकून टाइप करते. खानदेशाला ही रीत नवी नाही. बहिणाबाई चौधरींच्या तोंडच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी कागदावर उतरवल्या म्हणून राहिल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, कविता १९५२ साली छापून आल्या, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्यांनी स्वतः ते पुस्तक पाहिलं नाही.

या ताई मात्र पाहणार आहेत. म्हणून प्रूफ ऐकायला स्वतः आल्यात. सून वाचते, ताई डोळे मिटून ऐकतात. कविता रेशनच्या दुकानाची आहे. गमने अंगठ्याच्या रेषा बुजल्या. दुकानातल्या मशीनवर अंगठा लावला की लाल दिवा. धुऊन लावला, लाल. पदराला घासून लावला, लाल. कवितेत एक ओळ येते: मशीन माले इचारस, तू कोन शे?

बाई म्हणतात, “ताई, इथेच थांबा. पुढच्या दोन ओळी काढा. प्रश्नावर कविता उभी राहते.”

ताई मान हलवतात. नाही. पुढे दुकानदार वहीत त्यांचं नाव हाताने लिहितो, पूर्ण नाव, सासरचं आणि माहेरचंही. ते राहिलंच पाहिजे.

“त्यानं लिखं ना बाई. मंग मी कसं काढू?”

बाई थोडा वेळ कागदाकडे बघतात. मग पेन्सिलीची खूण खोडतात. “बरोबर आहे तुमचं. राहू द्या.”

सल्ला देणाऱ्याने तो मागे घ्यायची तयारी ठेवावी, हे मी अशा बैठकांत क्वचित पाहिलंय. इथे ते दोन मिनिटांत झालं आणि कुणाला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

ताई निघतात. गठ्ठा घरी वाट बघतोय.

दुपारी १.१०

जेवण गाळ्यातच. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. घरून डबा येतो.

मशीनच्या वर एक फळी आहे. तिच्यावर पंचवीस-तीस पुस्तकं, वाचायला न्यायची. वहीत नाव लिहायचं, पैसे नाहीत. सगळ्यांत जास्त फिरलेलं पुस्तक बाबुराव बागुलांचं, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. १९६३ चं. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत येतो, आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. पुस्तकाची बांधणी दोनदा निघाली, आप्पांनी दोनदा शिवली. कॉलेजमधल्या एका पोराने ते गेल्या महिन्यात नेलं होतं. तो खोली शोधत होता तेव्हा. परत करताना त्याने पुस्तकाबद्दल काही सांगितलं नाही. एक कविता दिली, खोली दाखवताना घरमालक कोणकोणते प्रश्न विचारतो त्यांची. फक्त प्रश्न, उत्तरं नाहीत. ती पान १९ वर आहे.

फळीवर गुजरातीही आहे. गनी दहींवाला आहेत, सुरतेचे गझलकार. व्यवसायाने शिंपी, शाळा जेमतेम. १९०८ ते १९८७. प्रेसमध्ये असताना आप्पांनी त्यांच्या गझला खिळ्यांत जुळवल्या होत्या. शेरातले दोन मिसरे एका मापाचे असले की खिळे जुळवायच्या स्टिकमध्ये रिकामी जागा कमी भरावी लागायची, एवढंच तेव्हा कळायचं, असं आप्पा म्हणतात. पुढे अर्थ कळायला लागला.

दुपारी १.४०

छपाई.

पानांची जुळणी बघण्यासारखी असते. पहिल्या कागदावर एका बाजूला पान ४८ आणि १, मागे २ आणि ४७. दुसऱ्यावर ४६ आणि ३. जोडीची बेरीज नेहमी ४९. शेवटच्या, मधल्या कागदावर २४ आणि २५ शेजारी येतात, तिथे पिन बसते. म्हणून मधल्या पानावर आप्पा नेहमी दोन्ही बाजूंना पसरणारी कविता ठेवतात. एवढी एकच जागा अशी, जिथे शेजारची पानं खरोखर शेजारी छापली जातात.

एका प्रतीला बारा कागद. दीडशे प्रतींना अठराशे. मागून-पुढून छत्तीसशे बाजू. बाजूला चाळीस पैसे धरलेत, शाई आणि ड्रमची झीज निघण्यापुरते. गिऱ्हाइकाला हाच दर दीड रुपया असतो. कंपोझिंग पानाला चाळीस रुपये लागतं, ते इथे लावलेलंच नाही.

अर्ध्या तासाने कागद अडकतो. आप्पा झाकण उघडतात, हिरवा खटका खाली, आतला रोलर हाताने फिरवून चुरगळलेला कागद बाहेर. हात काळे. पुन्हा सुरू. पुन्हा अडकतो. तिसऱ्यांदा ते पंखा बंद करतात. मग नीट चालतं. गाळ्यात उकाडा होतो, मशीनची गरम हवा वर येते, घामाने शर्ट पाठीला चिकटतो.

बाई बाहेर पडलेली पानं बघत असतात. गुजराती कवी नर्मदची गोष्ट सांगतात. नर्मद याच शहरातला, १८३३ चा. १८५८ साली मास्तरची नोकरी सोडली, फक्त लेखणीवर जगायचं ठरवून. पुढे कर्ज झालं, ओढ झाली. १८६६ मध्ये आत्मकथा लिहिली, ‘मारी हकीकत’. तिच्या मोजक्याच प्रती छापल्या, जवळच्या मित्रांपुरत्या. सगळ्या वाचकांच्या हाती ती पडली १९३३ साली, तो गेल्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. आमलीरानमधलं त्याचं घर महापालिकेने जपून ठेवलंय. बाई दरवर्षी शाळेची पोरं तिथे न्यायच्या.

“आपल्या दीडशे आहेत,” आप्पा म्हणतात. “त्याच्यापेक्षा बऱ्याच.”

दुपारी ३.०५

घडी आणि पिना. गाळ्याबाहेर सतरंजी टाकली आहे. आप्पांच्या घरचे चौघं, शेजारची दोन मुलं. बारा कागद क्रमाने रचायचे, ठोकून सारखे करायचे, कव्हर बाहेरून लावायचं, मधोमध घडी. घडीवरून लाकडी पट्टी जोरात ओढायची. मग लांब हाताच्या स्टेपलरने दोन पिना, बरोबर घडीवर. पिन एक दोरा इकडे गेली तर पुस्तिका नीट उघडत नाही.

प्रतीला दोन रुपये मजुरी. तीनशे रुपये मुलांना वाटून. आप्पांच्या सुनेचा हात सगळ्यांत जलद. लग्नाआधी ती मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायची.

बारा कागद एकात एक घातले की आतले कागद बाहेर येतात, पुढची कड तिरपी दिसते. ती कापावीच लागते. म्हणून जुळणी करतानाच आतल्या पानांचा मजकूर पिनेकडे केसभर सरकवून ठेवलेला असतो. नाहीतर कटिंगमध्ये ओळींची शेवटची अक्षरं जातात.

दुपारी ४.१०

उधन्याच्या एका बाइंडरकडे मोठं कटिंग मशीन आहे. रविवारी तो फक्त ओळखीच्यांसाठी उघडतो. दोन खोके स्कूटरवर, एक पुढे, एक मागे. पंचवीस-पंचवीसचा गठ्ठा, वरून दाब, पातं खाली. कडेच्या कागदाच्या पट्ट्या खाली पडतात, त्या रद्दीवाला नेईल. दीडशे रुपये.

हिशोब असा झाला. कागद १,०४०. छपाई १,४४०. रंगीत कव्हर सात रुपयांनी १,०५०. घडी-पिना ३००. कटिंग १५०. एकूण ३,९८०. चार हजारातले वीस उरले. बाइंडरकडेच दोन चहा झाले.

संध्याकाळी ५.००

सोसायटीच्या देवळामागचा हॉल. मंडपवाल्याच्या चाळीस खुर्च्या, सहा रुपयांनी. माईक नाही. बाईंना माईक नको असतो. आवाज पोचत नसेल तर ओळ लांब झाली, असं त्या म्हणतात.

शिंदखेड्याचा कारागीर साडेचारलाच येऊन बसलाय. इस्त्रीचा शर्ट. चार तास झोपला असेल. सातला पाळी आहे, म्हणून पहिलं वाचन त्याचं. खात्यात त्याच्या मागांवर दिवसपाळीला गंजामचा एक ओडिया कारागीर असतो. तो आज सव्वासातपर्यंत थांबणार आहे. उद्या याने त्याच्यासाठी थांबायचं. माग थांबला की मीटर थांबतो, तेव्हा ही देवाणघेवाण पैशांपेक्षा पक्की असते.

इथले नियम बाईंनी बसवलेत, खूप वर्षांपासून चालत आलेले. कवितेला पाच मिनिटं, कथेला दहा. वाचण्याआधी कवीने कविता समजावून सांगायची नाही. वाचून झाल्यावर ऐकणाऱ्याने आधी सांगायचं, कुठली ओळ लक्षात राहिली. मग एकच गोष्ट, जी बदलता येईल. नुसतं ‘छान’ म्हटलं तर बाई विचारतात, काय छान?

कारागीर वाचतो. सुरुवातीला फार मोठ्याने, मग सावरतो. फोन थरथरतो. पाकिटातलं तिकीट. आई. मोटार. शेवटी अडीच हजार मीटर. थांबतो.

मागच्या रांगेतला एक माणूस म्हणतो, “साडेतीन हजार ऐकल्यावर मी पण हिशोब केला. माझ्या साड्यांच्या घड्यांत.”

एक मुलगी म्हणते, आई फोन ठेवताना काय बोलते ते हवं होतं. कारागीर ते पाठीमागच्या कोऱ्या कव्हरवर लिहून घेतो. छापून झालं तरी लिहून घेतो.

संध्याकाळी ६.३५

त्याला निघायला हवं. पाच प्रती पिशवीत. शेअर रिक्षाला वीस रुपये. दारात आप्पांना म्हणतो, “पुढच्या टायमाले गाडीवरच येगळी कथा लिहसू.”

“लिही. पण तिच्यात फोन नको.”

वाचन चालू राहतं. ताईंची कविता सून वाचते, ताई शेजारी उभ्या. शेवटच्या ओळीत दुकानदार पूर्ण नाव लिहितो तिथे दोन बाया एकदम टाळ्या वाजवतात. बाई माझ्याकडे बघतात. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळतं.

कॉलेजमधला एक जण वाचतो. वेदना, काळीज, आसवं. आवाज चांगला आहे, लय पक्की आहे. लक्षात राहिलेली ओळ कुणालाच सांगता येत नाही. शांतता अवघड होते. बाई त्याला जवळ बोलावतात, सगळ्यांसमोर नाही, बाजूला. मी जवळच होतो म्हणून ऐकलं.

“वडील काय करतात तुझे?”

“डाइंग मिलमध्ये आहेत.”

“घरी येतात तेव्हा हात कुठल्या रंगाचे असतात?”

मुलगा म्हणतो, रोज वेगळे. नखांत मात्र कालचाच असतो.

“हे लिही. वेदना लिहू नकोस. वाचणाऱ्याला ती सापडते.”

खोली शोधणाऱ्या पोराची प्रश्नांची कविता आठव्या नंबरवर आली. तिच्यानंतर कुणी लगेच ओळ सांगितली नाही, पण इथली शांतता वेगळी होती. रिक्षावाल्यांनी मग हळूच विचारलं, “मिळाली का खोली?” मिळाली, तो म्हणाला, पर्वत पाटियाला.

रात्री ८.२०

खुर्च्या उचलायला मंडपवाल्याचा टेम्पो आला आहे. दोनशे चाळीस रुपये. चहा दोनदा झाला, त्याचे पाचशे.

ऐंशी प्रती लिहिणाऱ्यांकडे गेल्या, प्रत्येकी पाच. बाकीच्या सत्तरमधल्या सत्तेचाळीस खपल्या, वीस रुपयांनी. नऊशे चाळीस. खर्च जाऊन दोनशे उरतात. ते बिस्किटाच्या डब्यात, पुढच्या खेपेच्या कागदासाठी. दोन प्रती शहरातल्या कवी नर्मद ग्रंथालयात द्यायच्या, दोन जळगावला पाठवायच्या, एक गाळ्यातल्या फळीवर.

पुढची बैठक एप्रिलमध्ये. बाई सांगतात, मजकूर दहा तारखेपर्यंत, कथा चार पानांच्या आत, आणि पाठवण्याआधी घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायची. घरात ऐकणारं कुणी नसेल तर आप्पांच्या गाळ्यात यायचं.

रात्री ८.५०

शटर अर्धं खाली. आप्पा कॉम्प्युटर बंद करणार तेवढ्यात फोन येतो. सकाळचं गिऱ्हाईक. नवरदेवाच्या एका आत्याचं नाव यादीत राहिलं आहे, धरणगावच्या. स्कूटरच्या ओळी घरात सगळ्यांना आवडल्या, पण आत्या रुसल्या.

आप्पा फाइल पुन्हा उघडतात. नाव घालायला एक ओळ वाढते. एक ओळ वाढली की खालचा गणपती कार्डाबाहेर जातो. ते नावांमधली जागा थोडी थोडी कमी करत बसतात. उद्या सकाळी नऊला पत्रिका छपाईला जायची आहे.